कापसाच्या धाग्याची लांबी: मोजणाऱ्या यंत्रांची पार्श्वभूमी

2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर झाला. मधल्या 400 रुपयांमागे मुख्यतः धाग्याची, म्हणजे कापसाच्या तंतूची, लांबी आहे. मध्यमसाठी 24.5 ते 25.5 मिलिमीटर, लांबसाठी 29.5 ते 30.5. सोबत मायक्रोनेअरचीही, म्हणजे तंतूच्या बारीकपणा-जाडपणाच्या आकड्याचीही, अट असते. मधल्या गटांचे भाव या दोन टोकांवरून बसवतात. अर्ध्या मिलिमीटरचा हा हिशेब यंत्राचा आहे, बोटांचा नव्हे.

अमरावती-हिंगणघाटच्या जुन्या बाजारात पारखी माणूस चिमूटभर रुई (सरकी काढलेला कापूस) दोन्ही हातांत ओढून तंतू समांतर करी आणि अंदाजाने लांबी सांगे. 1972 मध्ये एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारने घ्यायचा असं ठरलं, तरी केंद्रावर शब्द चालला तो ग्रेडरचाच. पहिल्या वेच्याचा पांढरा माल आणि फरदडीतला (हंगाम संपल्यावर राखलेल्या पिकातला) डागाळलेला कवडी कापूस यांतला फरक कुणीही सांगेल. पण 27 आणि 28 मिलिमीटरमधला फरक नजरेवर सोडणं शेतकऱ्यावर अन्यायच होता, असं मला वाटतं.

तोवर अमेरिकेत या अंदाजाला यंत्राचा पर्याय निघून बरीच वर्षं झाली होती. 1940 च्या सुमारास तिथे फोटोसेलवर चालणारं लांबीमापक तयार झालं. कंगव्यासारख्या पकडीत रुईचे तंतू कसेही अडकवायचे, विंचरून त्यांची झालर करायची आणि ती प्रकाशाच्या अरुंद पट्ट्यापुढून सरकवायची. पकडीजवळ तंतू दाट, म्हणून पलीकडे प्रकाश कमी पोचतो. टोकाकडे मोजकेच लांब तंतू उरतात, तिथे तो वाढतो. त्यातून घसरत जाणारी एक रेषा मिळते. रंगासाठी दुसरं यंत्र आलं. काचेच्या खिडकीवर रुई दाबून धरायची, तिच्यावर तिरका प्रकाश टाकायचा आणि परतलेल्या प्रकाशावरून दोन आकडे काढायचे, एक उजळपणाचा आणि एक पिवळेपणाचा. पुढे लांबी, ताकद, रंग, कचरा असं सगळं एकाच यंत्रात आलं, ज्याला जिनिंगवाले, म्हणजे सरकी काढून गाठी बांधणारे, एचव्हीआय (हाय व्हॉल्यूम इन्स्ट्रुमेंट) म्हणतात. अमेरिकेत 1991 च्या पिकापासून सरकारी कर्जयोजनेला या यंत्राची प्रतवारी लागू झाली.

खरी गुंतागुंत लांबीच्या त्या घसरत्या रेषेतून कोणता आकडा उचलायचा याची आहे. भारतात दीर्घकाळ 2.5 टक्के स्पॅन लेंग्थ चालली, म्हणजे झालरीतले फक्त 2.5 टक्के तंतू जिथवर पोचतात ते अंतर. एचव्हीआयच्या अमेरिकी पद्धतीत लांब अर्ध्या तंतूंची सरासरी लांबी धरतात. दोन्ही आकडे जवळपास येतात, पण एकच नाहीत. यंत्र जुळवायला वापरलेला प्रमाण कापूस बदलला तर ताकदीच्या आकड्यात याहून मोठी तफावत पडते. म्हणून अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करायची कशी? सूत गिरणीच्या खरेदीदाराला हे पाठ असतं. गाडी घेऊन आलेल्याला कुणी सांगत नाही.

बाजार समितीत आज एक यंत्र हटकून दिसतं, ते ओलाव्याचं. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यावर माल परत. लांबी मात्र तिथे हातानेच बघतात. कारण सांगतात ते तांत्रिक: यंत्राला रुई लागते आणि बाजारात येतो तो सरकीसकट कापूस. त्यामुळे लांबीची चाचणी होते ती जिनिंगनंतर, 170 किलोच्या गाठीतून काढलेल्या नमुन्यावर. तोवर शेतकऱ्याचा काटा होऊन गेलेला असतो. गाठीचा अहवाल चांगला निघाला, तर त्याचा भाव गाठ विकणाऱ्याला मिळतो.

यंत्राला रुईच लागते, हे कारण मला पटत नाही. कापसाचे नवे वाण तपासणारे लोक मूठभर कापसाची सरकी छोट्या जिनवर काढून हीच चाचणी वर्षानुवर्षं करत आले आहेत. तसा जिन खरेदी केंद्रावर ठेवायचा, गाडीगणिक नमुना काढायचा आणि लांबीचा आकडा पद्धतीच्या नावासकट पावतीवर छापायचा, यात तंत्राची अडचण उरलेली नाही. राहिला आहे तो खर्चाचा आणि निर्णयाचा प्रश्न.