ग्रॅन्युलोसा पेशी अर्बुदाचे निदान

अंडाशयात बीजांडाभोवती असणाऱ्या ग्रॅन्युलोसा पेशींपासून होणारा विरळा कर्करोग. अंडाशयाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ५ टक्के असते. प्रौढ प्रकार बहुधा पन्नाशीच्या आसपास आढळतो. ही नोंद त्याविषयी आहे.

गाठ बरेचदा इस्ट्रोजेन तयार करते. त्यामुळे पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागते आणि सगळे लक्ष गर्भाशयाकडे जाते. अशा वेळी सोनोग्राफीत दोन्ही अंडाशय नीट पाहिलेच पाहिजेत. सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगासाठी नेहमी करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल आले म्हणून गाठ साधी समजू नये. येथे इन्हिबिन-बी आणि एएमएच या ग्रॅन्युलोसा पेशींतून स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या अधिक उपयोगी पडतात.

खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली लागते. पेशीकेंद्रकावर कॉफीच्या बीसारखी उभी खाच दिसते. १८७५ मध्ये वर्णन झालेले कॉल-एक्स्नर पिंड (पेशींच्या कड्याने वेढलेल्या बारीक पोकळ्या) पाठ्यपुस्तकात ठळक असले, तरी अनेक गाठींत सापडतच नाहीत. ते नाहीत म्हणून निदान सोडू नये. एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमातील (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींचा अंडाशयाचा कर्करोग) बारीक ग्रंथी मात्र हुबेहूब त्यांच्यासारख्या दिसतात. तेथे पेशींतील ठरावीक प्रथिने दाखवणाऱ्या रंजनांपैकी (स्लाइड रंगवण्याच्या चाचण्या) ईएमए आणि सीके-७ पॉझिटिव्ह व इन्हिबिन निगेटिव्ह येते. ग्रॅन्युलोसात सहसा याच्या उलट. फायब्रोमा-थेकोमा (अंडाशयाच्या आधार-ऊतीची, म्हणजे स्ट्रोमाची, सहसा साधी गाठ) वेगळा काढायला बारीक आधार-तंतू दाखवणारे रेटिक्युलिन रंजन करावे : त्यात तंतू प्रत्येक पेशीभोवती असतात, ग्रॅन्युलोसात पेशींच्या समूहाभोवती. तरुणीत कॅल्शियम वाढलेले असेल, तर हायपरकॅल्सीमिक प्रकारच्या स्मॉल सेल कार्सिनोमाची शंका घेऊन स्मार्का-४ तपासावे. त्या कर्करोगात हे प्रथिन नाहीसे झालेले असते.

२००९ मध्ये फॉक्सएल-२ जनुकातील एकच ठरावीक बदल (१३४व्या स्थानी सिस्टीनऐवजी ट्रिप्टोफॅन) बहुतेक प्रौढ गाठींत सापडला. फॉक्सएल-२ प्रथिन दाखवणारे रंजन आणि हा बदल शोधणारी जनुकचाचणी यांची गल्लत वारंवार होते. रंजन इतर स्ट्रोमल गाठींतही पॉझिटिव्ह येते. जनुकबदलही काही थेकोमांत आढळतो, म्हणून अहवाल स्लाइडशी ताडूनच वाचावा.

गाठ अखंड काढावी. पोटात फुटली तर पहिल्या अवस्थेतला (अंडाशयापुरता) रोग आयसी या वरच्या उपगटात जातो. मोठी गाठ चिरून, दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी, नाहीतर मधला भाग कुजतो आणि केंद्रकांवरच्या खाचा वाचता येत नाहीत. दर सेंटिमीटरला एक तुकडा घ्यावा.

रोग वीस वर्षांनीही उलटतो. तोवर पहिली शस्त्रक्रिया ‘साधी गाठ काढली’ एवढीच रुग्णाच्या लक्षात उरलेली असते आणि पोटातली नवी गाठ भलत्याच नावाने नोंदली जाते. म्हणून जुना अहवाल आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागवून दोन्ही गाठी शेजारी ठेवून पाहाव्यात.