स्ट्रट बूट आणि त्याची बदली

मोटारीच्या पुढच्या चाकाजवळ उभ्या बसवलेल्या स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबात, स्प्रिंगच्या वेढ्यांच्या आत, पिस्टनच्या दांड्यावर घड्याघड्यांचे रबरी किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते. त्याला स्ट्रट बूट म्हणतात. गॅरेजमध्ये त्यालाच ‘डस्ट कव्हर’ किंवा नुसते ‘बूट’ म्हणतात. बूट हा शब्द तिथे बराच सैल वापरला जातो. इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यातले ग्रीस धरून ठेवणारे रबर आणि स्टिअरिंग रॅकच्या टोकांवरचे रबर यांनाही बूटच म्हणतात. म्हणून सुटा भाग आणायला जाताना ‘पुढच्या शॉकअपचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) बूट’ असे पूर्ण सांगावे.

रचना आणि काम : अर्ल एस. मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी स्ट्रटची रचना १९५०च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटिश गाड्यांमधून, कॉन्सल आणि झेफिरमधून, रस्त्यावर आली. भारतात त्या काळापासून दीर्घकाळ चाललेल्या गाड्यांची बांधणी निराळी होती. अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार (पिळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांबी) होते, तर पद्मिनीला दोन विशबोन (चाक धरणारे दुबेळके हात) आणि कॉइल स्प्रिंग. स्ट्रट घरोघरी पोचला तो १९८३ साली आलेल्या मारुती ८०० बरोबर. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत ती अजूनही दिसते आणि तिच्या निमित्ताने बुटाचा प्रश्नही.

साध्या शॉक ॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगचे हेलकावे शांत करण्यापुरते असते. स्ट्रट त्याखेरीज चाक उभे धरणारा खांबही असतो. वळणावर आणि ब्रेक लावताना येणारा आडवा जोर त्याच्या दांड्यावर पडतो, म्हणून हा दांडा साध्या शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यापेक्षा जाड असतो. त्यावर कडक क्रोमचा गुळगुळीत मुलामा दिलेला असतो. दांडा ज्या तेल भरलेल्या नळीत सरकतो तिच्या तोंडाशी एक ऑइल सील असते. दांडा आत-बाहेर होताना तेल आत ठेवणे आणि धूळ बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे या रबरी ओठाकडे असतात. धुळीचा पहिला मारा सीलपर्यंत पोचू न देणे, हे बुटाचे काम.

बूट लोहाराच्या भात्यासारखा श्वास घेतो. चाक खड्ड्यावरून वर उचलले की घड्या मिटतात आणि हवा बाहेर पडते. चाक खाली आले की हवा आत येते. यासाठी बहुतेक बुटांना लहान भोके ठेवलेली असतात. ती दोष समजून चिकटपट्टीने बुजवणारे लोक आहेत. तसे केले तर कोंडलेली हवा घड्या फुगवते आणि बूट जागेवरून सुटतो.

बुटाच्या आत वरच्या बाजूला बम्प स्टॉप असतो. मिस्त्री त्याला ‘जंपर’ही म्हणतात. स्ट्रट पूर्ण दबल्यावर धातूवर धातू आदळू नये म्हणून बसवलेली ही जाड गादी पूर्वी रबराची असे. नंतरच्या गाड्यांत ती बहुधा पॉलियुरेथेनच्या फेसाची असते. अनेक गाड्यांत बूट आणि बम्प स्टॉप एकाच तुकड्यात मिळतात.

झीज : रबर वापराने झिजते त्यापेक्षा वयाने अधिक मरते. हवेतला ओझोन, इंजिनाजवळची उष्णता आणि सांडलेले तेल यांनी ते कडक होते. पहिली चीर घडीच्या वळणात पडते, कारण तिथेच ते सतत दुमडते. पॉलियुरेथेनला उष्ण आणि दमट हवा सोसत नाही. बम्प स्टॉपचा भुगा होतो आणि त्याच्या आधाराने वर धरलेला बूट दांड्यावरून घसरून खाली गोळा होतो, पायातल्या ढिल्या मोज्यासारखा. जुन्या गाडीत फाटलेल्या बुटांइतकेच हे घसरलेले बूटही आढळतात.

त्यानंतर जे होते ते हळू आणि गुपचूप होते. कोकणातली जांभ्याची लाल धूळ असो वा ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवरचा चिखल, दांड्यावरच्या तेलाच्या पातळ थरात बारीक कण अडकतात आणि सीलवर घासत राहतात. खाऱ्या हवेत क्रोमखालचे पोलाद गंजून बारीक खळगे पडतात आणि त्यांच्या कडा सीलचा ओठ कापतात. मग तेल पाझरते. बूट फाटला म्हणून गाडी आवाज करत नाही, की चालवणाऱ्याच्या हाताला काही जाणवत नाही. जाणवते ते स्ट्रट गेल्यावर, आणि तोपर्यंत काही शे रुपयांच्या रबराचे काम काही हजारांचे झालेले असते. सर्व्हिसिंगच्या वेळी चाक काढलेलेच असते. तेव्हा टॉर्च मारून स्प्रिंगच्या वेढ्यांतून बूट पाहण्याची सवय प्रत्येक मिस्त्रीला असायला हवी.

बदली : बूट पूर्ण वेढा असलेला आणि स्प्रिंगच्या आत असल्याने, तो बदलायचा तर बहुतेक गाड्यांत स्ट्रट उतरवून स्प्रिंग सोडवावीच लागते. काम वेळखाऊ आहे आणि त्यात एक खरा धोका आहे. सुट्या केलेल्या स्ट्रटमध्येही स्प्रिंग दाबलेल्याच अवस्थेत असते आणि तिला अडवून धरणारा एकच भाग असतो : दांड्याच्या माथ्यावरचा मधला नट. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरणाऱ्या हत्याराने) वेढे आवळून वरच्या बैठकीवरचा, म्हणजे स्प्रिंगचे वरचे टोक टेकते त्या तबकडीवरचा, दाब पूर्ण सुटल्याखेरीज हा नट सोडला, तर बैठक आणि स्प्रिंग जिवावर बेतेल अशा जोराने उडतात. दोरी, तार किंवा लाकडी ठोकळे लावून हे काम करण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती ताबडतोब बंद व्हावी. कॉम्प्रेसरचे हूक समोरासमोर लावावेत, दोन्हीकडचे बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळावेत आणि डोके स्प्रिंगच्या रेषेत कधीही आणू नये.

त्याआधीची तयारी सरळ आहे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची, चाक काढायचे, स्ट्रटला अडकवलेला ब्रेकचा होज मोकळा करायचा. स्ट्रटला नकलशी (चाक ज्यावर बसते त्या भागाशी) धरणाऱ्या बोल्टांची मूळ जागा रंगाने किंवा टोच्याने खुणावून ठेवावी, कारण कित्येक गाड्यांत चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, तिथेच ठरतो. स्ट्रट सुटल्यावर नकल बाहेर कलते. ती तारेने बांधून ठेवावी, नाहीतर ब्रेकचा होज ताणला जातो आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो. बॉनेटखालचे माउंटिंगचे, म्हणजे स्ट्रटचा माथा गाडीला धरणारे, नट शेवटी काढायचे आणि ते काढताना खालून स्ट्रट धरायला दुसरा माणूस हवा.

मधला नट फिरवताना दांडाही सोबत फिरतो. तो रोखण्यासाठी त्याच्या टोकाला सपाट बाजू किंवा एल-कीचे भोक दिलेले असते. ते सोडून पकडीने दांड्याचा चकचकीत भाग धरला, तर उमटलेला एक ओरखडाही सील फाडायला पुरतो. ज्या धुळीपासून वाचवण्यासाठी सगळा खटाटोप केला, तिच्यापेक्षा मोठी इजा आपल्याच हाताने होते.

जुना बूट निघाला की दांडा स्वच्छ फडक्याने पुसून त्यावरून नख फिरवावे. नख अडकले, खळगे दिसले किंवा नळी तेलाने ओली असली, तर नवा बूट चढवण्यात अर्थ नाही. स्ट्रटच बदलावा, आणि तोही दोन्ही बाजूंचा. दांडा निर्मळ असेल तर हाताने दाबून पाहावा. पूर्ण अंतरात सारखा विरोध जाणवला पाहिजे. मध्येच पोकळ जागा लागणे हे आतल्या बिघाडाचे लक्षण आहे. वरचे माउंटिंग आणि बेअरिंग याच वेळी तपासावे. स्टिअरिंग फिरवताना येणारा कडकड आवाज पुष्कळदा तिथलाच असतो, आणि मजुरी एकदाच पडते.

नवा बूट कोरडाच चढवावा. सहज सरकावा म्हणून दांड्याला ग्रीस लावले तर धूळ त्यालाच चिकटते, आणि खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. बुटाची खालची कड नळीच्या खाचेत बसल्याची खात्री करावी. स्प्रिंगचे टोक बैठकीच्या पायरीला टेकवावे आणि मधला नट पूर्ण आवळल्यानंतरच कॉम्प्रेसर सैल करावा. आवळण्याचा जोर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावा. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घेणे ओघाने आलेच.

उभा चिरलेला, झिपने किंवा डिंकाने जोडायचा बूटही बाजारात मिळतो. तो स्ट्रट न उतरवता बसतो. पण जोड घड्यांच्या हालचालीत उकलतो आणि आतला भुगा झालेला बम्प स्टॉप तसाच राहतो. पावसाळा तोंडावर असताना, दांडा अजून निर्मळ असेल, तर चार महिने निभावण्यापुरता तो चालेल.

ज्या गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगवेगळे असतात, तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लागत नाही. ॲक्सलला खालून आधार देऊन शॉक ॲब्सॉर्बर उतरवला की त्याचा बूट घरच्या हत्यारांनीही बदलता येतो.