धबधब्यावरचं सोनं फोटोत का उतरत नाही?

सप्टेंबर सरताना नाशिकच्या धबधब्यांवर संध्याकाळचा जो उजेड पडतो, तो वर्षात पुन्हा फारसा मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी भरपूर, पण गढूळ, आणि सूर्य ढगाआड. उन्हाळ्यात सूर्य आहे, पण पाणी आटलेलं. मधल्या या थोड्या दिवसांत दोन्ही जमून येतं. तरीही नाशिकजवळ गोदावरीवरच्या सोमेश्वर धबधब्याला डोळ्यांनी पाहिलेला सोनेरी फेस फोटोत अनेकदा राखाडी उमटतो.

फेसाला स्वतःचा रंग नसतो. असंख्य बुडबुडे आणि थेंब पडणारा सगळाच प्रकाश जवळपास सारखा विखुरतात, म्हणून दुपारी तो पांढरा दिसतो. संध्याकाळी मुळात प्रकाशच बदललेला असतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात. वाटेत निळा गळत जातो, उरतो तो पिवळा-तांबडा. पांढरा फेस हा त्याचा पडदा.

गंमत अशी, की त्याच वेळी सावलीतल्या कातळावर उजेड पडतो तो आकाशाचा, म्हणजे निळसर. एकाच चौकटीत दोन रंगांचे उजेड! कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप होणारी रंगदुरुस्ती, मात्र पिवळी झाक ही चूक समजून ती पुसायला जातो, आणि सोनं तिथेच हरवतं. म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, ५२०० ते ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास पक्का करावा. मोबाइलच्या प्रो मोडमध्येही हे जमतं. शक्य असेल तर फाइल रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या स्वरूपात घ्यावी. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

उभं कुठे राहायचं, हे नदीच ठरवते. गोदावरी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. खालच्या अंगाला उभं राहून धबधब्याकडे पाहिलं की मावळता सूर्य बहुधा समोरच्या बाजूला येतो. पाण्याचे थेंब बराचसा प्रकाश पुढच्या दिशेला फेकतात, त्यामुळे समोरून ऊन आलं की तुषार पेटल्यासारखे उजळतात. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी घ्यावा लागतो. वेळेचा अंदाज मुठीने घ्यावा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, आणि या दिवसांत तेवढं खाली उतरायला सूर्याला पाऊण तासाच्या आतच वेळ लागतो. पश्चिमेला डोंगर असेल तर क्षितिजापासून नव्हे, डोंगराच्या माथ्यापासून मोजायचं. गंगापूर धरणातून पाणी सोडणार असतील त्या दिवशी पात्रात उतरूच नये.

शटर स्पीडबद्दल, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं याबद्दल, माझं मत प्रचलित चालीपेक्षा वेगळं आहे. १० मीटरवरून पडणारं पाणी तळाशी येताना ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. १/१००० सेकंदात ते दीड सेंटीमीटरही सरकत नाही, अर्ध्या सेकंदात पाच-सहा मीटर येतं. दीर्घ एक्सपोजरने, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने, पाणी रेशमी होतं खरं, पण पेटलेल्या थेंबांची चमक आसपासच्या अंधारात मिसळून विझते. समोरून ऊन असेल तर मी १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर घेईन. बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात १/८ सेकंद पुरे: धारा वाहत्या दिसतात, तरी सुट्या राहतात.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, जपून फिरवावा. ओल्या काळ्या कातळावरची सोनेरी चकाकी म्हणजे परावर्तनच, आणि तो नेमकं तेच खातो.

हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, पाहताना तिन्ही रंगांचे आलेख वेगळे उघडावेत. मावळत्या उजेडात उजव्या कडेला बहुतेक वेळा आधी लाल टेकतो, म्हणजे त्यातले बारकावे हरवतात, आणि एकत्रित आलेखात ते कळतही नाही. म्हणून एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमीच ठेवावं. एडिटिंगमध्ये आधी हायलाइट्स, म्हणजे सर्वांत उजळ भाग, खाली आणावेत. सावल्या थोड्याच उचलाव्यात आणि त्यांचा निळेपणा राहू द्यावा, कारण सोनेरी रंग उठून दिसतो तो त्या निळ्याशेजारी. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, हात सगळ्यात शेवटी. मग फोटो शंभर टक्के मोठा करून फेसात पाहावं. धारा एकमेकींपासून वेगळ्या दिसत असतील तर ठीक. नारिंगी रंगाचा सपाट डाग दिसला तर सॅच्युरेशन मागे घ्यावं, आणि तरीही डाग हटला नाही तर त्या संध्याकाळची कमी एक्सपोजरची दुसरी फ्रेम उघडावी.