व्होल्टेज वाढवलं आणि कॉइल जळली; पण दोष कुणाचा?

ई-सिगारेटमध्ये सगळ्यात आधी दगा देतो तो ॲटोमायझर. बॅटरी शेकडो वेळा चार्ज होते, बाहेरच्या नळीला काही होत नाही, पण द्रव तापवणारा हा छोटासा भाग काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत करपट चव देऊ लागतो. व्होल्टेज वाढवून वापरणाऱ्यांकडे तो आणखी लवकर जातो. त्यामुळे ‘जास्त व्होल्टेज म्हणजे जळकी कॉइल’ असा समज पक्का झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

ॲटोमायझरच्या आत मुळात तीनच गोष्टी असतात: रोध असलेल्या तारेची एक गुंडाळी (हीच कॉइल), तिला चिकटून बसलेली वात आणि वातीत मुरलेला द्रव. हा द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण. त्यात निकोटिन आणि स्वाद मिसळलेले असतात. तार बहुधा नायक्रोमची किंवा कांथलची असते. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि टोस्टरपासून हीटरपर्यंत सगळं त्यावर उभं राहिलं. कांथल ही लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची स्वीडिश मिश्रधातू. दोन्ही १,००० अंश सेल्सिअसच्या वर तास न् तास टिकण्यासाठीच बनवलेल्या आहेत. मग २००-३०० अंशांच्या कामात त्या इतक्या लवकर का हरतात?

आधी व्होल्टेजचा हिशेब करू. तारेत निर्माण होणारी उष्णता एकट्या व्होल्टेजवर ठरत नाही. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे वॅट. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देते. ती १.५ ओहमच्या कॉइलला लावली तर जवळपास १२ वॅट मिळतात. ६ व्होल्ट ३ ओहमच्या कॉइलला दिले तरीही १२ वॅटच मिळतात. ‘मी ६ व्होल्टवर ओढतो’ या वाक्यातून म्हणूनच काहीच कळत नाही. रोध किती, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धवट आहे.

आता एक पाऊल पुढे जाऊ. दोन्ही कॉइल ०.३२ मिलिमीटर जाडीच्या कांथल तारेच्या आहेत असं धरू. १.५ ओहमसाठी साधारण ८३ मिलिमीटर तार लागते, ३ ओहमसाठी तिच्या दुप्पट. वॅट तेवढेच, पण लांब तारेचा पृष्ठभाग दुप्पट. म्हणजे लहान कॉइलच्या दर चौरस मिलिमीटरमधून सुमारे ०.१४ वॅट बाहेर पडतात, तर मोठ्या कॉइलमधून फक्त ०.०७. शिवाय मोठ्या कॉइलमधून २ ॲम्पिअर प्रवाह जातो, लहानमधून २.८. जोडावर वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे तिथेही ती जवळपास निम्मीच राहते. समान वॅटवर जास्त व्होल्टेज आणि जास्त रोध ही जोडी कॉइलला सोसवते. कमी व्होल्टेज आणि कमी रोध हीच जास्त कठोर. लांब तार तापायला थोडा वेळ घेते, हा तिचा तोटा. १२ वॅटवर २०० अंश चढायला तिला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, लहान तारेला त्याच्या निम्मा. ज्यांना बटण दाबताक्षणी धूर हवा असतो ते कमी रोधाकडे वळतात, आणि त्याची किंमत कॉइल मोजते.

बिघाड होतो तो तीच जुनी, कमी रोधाची कॉइल ठेवून फक्त व्होल्टेज वाढवलं की. १.५ ओहमला ६ व्होल्ट म्हणजे २४ वॅट. व्होल्टेज ४.२ वरून ६ वर, म्हणजे दीडपटही नाही वाढलं, पण उष्णता दुप्पट झाली. आणि खरी अडचण तारेची नाही, वातीची आहे.

खोलीच्या तापमानाचं १ ग्रॅम मिश्रण उकळीला आणून त्याची वाफ करायला ढोबळ मानाने दीड किलोज्यूल ऊर्जा लागते. यातला मोठा वाटा अप्रकट उष्म्याचा, म्हणजे तापमान न वाढता नुसती द्रवाची वाफ होण्यात खर्च होणाऱ्या उष्णतेचा. १० वॅटवर ४ सेकंदांचा झुरका म्हणजे ४० ज्यूल, म्हणजे फार तर २५ मिलिग्रॅम द्रव. २४ वॅटवर तेवढ्याच वेळात ६० मिलिग्रॅमहून जास्त द्रव तारेपाशी पोचायला हवा. जोवर द्रव पोचतो आहे, तोवर बहुतेक उष्णता तो वाफेसोबत घेऊन जातो आणि तारेचं तापमान त्याच्या उत्कलन बिंदूच्या आसपास थांबून राहतं. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. तारेला थंड ठेवणारी व्यवस्था एवढीच आहे, दुसरी नाही. दिव्यात तेल असेतो वात जळत नाही आणि तेल सरलं की तीच पेटते, तसाच हा प्रकार.

वात द्रव ओढते ती केशाकर्षणाने. या ओढीला कोणताही पंप नाही, त्यामुळे तिचा वेग द्रवाच्या दाटपणावर ठरतो. ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून जास्त दाट आहे. प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण पन्नासपट. भरघोस धूर मिळावा म्हणून ग्लिसरीनचं प्रमाण वाढवायचं आणि त्याच हौसेने वॅटही वाढवायचे, म्हणजे मागणी वाढवून पुरवठा घटवायचा. थंडीत हे आणखी बिघडतं. शुद्ध ग्लिसरीन ४० अंशांवर जितकं दाट असतं, त्याच्या पाचपट दाट ते २० अंशांवर असतं. म्हणून जास्त वॅटसाठी द्रव पातळ हवा, झुरके आखूड हवेत आणि दोन झुरक्यांमध्ये वातीला पुन्हा भिजायला उसंत हवी. वात फार घट्ट बसवली की तिच्यातल्या वाटा दबतात. फार सैल असेल तर तारेला चिकटत नाही. नवी कॉइल बसवल्यावर वात पूर्ण मुरण्याआधीच बटण दाबणं हा तिला पहिल्याच मिनिटाला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. कापसाचा एकदा कोळसा झाला की तो पुन्हा नीट भिजत नाही.

पुरवठा तुटला की तापमान हळूहळू वाढत नाही, उडी मारतं. ही उडी १९३४ मध्ये जपानी अभियंता शिरो नुकियामा यांनी मोजली होती. तेही नायक्रोमचीच तार पाण्यात तापवत होते. शक्ती वाढवत नेली तसं उकळणं जोमदार होत गेलं, आणि एका मर्यादेनंतर तारेभोवती वाफेचाच पडदा तयार झाला. वाफ उष्णतेची वाईट वाहक. द्रव तारेपासून अलग पडला, तापमान झटक्यात शेकडो अंश चढलं आणि नायक्रोम वितळून तुटली. पुढचा आलेख पाहण्यासाठी त्यांना प्लॅटिनमची तार घ्यावी लागली. ॲटोमायझर म्हणजे पाण्याचं भांडं नव्हे, पण तत्त्व तेच आहे. इथे मर्यादा वात ठरवते, आणि ती बरीच आधी येते.

त्या उडीनंतर रसायनशास्त्राचा खेळ सुरू होतो. ग्लिसरीनच्या रेणूतून पाणी निघून जातं आणि ॲक्रोलीन उरतं. करपलेल्या तेलाचा घसा खवखवणारा वास याचाच. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्हींपासून फॉर्मल्डिहाइड बनू शकतं. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या मोजमापांत ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. त्यावर आक्षेप आला की त्या स्थितीतला कोरडा, जळका झुरका कुणी ओढणारच नाही. माझ्या मते दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: वात कोरडी आहे की ओली. फक्त, चव बिघडण्याआधी काहीच बनत नाही असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि करपट चवीला सरावलेली जीभ हे काही उपकरण नव्हे.

जे वाफ होऊन जात नाही ते तारेवर साचतं. सुक्रालोजसारखे गोडवा आणणारे पदार्थ यात सगळ्यात वाईट. ते उकळत नाहीत, विघटन पावून काळे होतात. हा थर उष्णता अडवतो, म्हणून आतली तार जास्त तापते, म्हणून थर आणखी वाढतो. गडद, गोड द्रव वापरणाऱ्यांच्या कॉइल पटापट जातात त्या यामुळे. एकच उपाय करायचा असेल तर मी व्होल्टेजला हात न लावता गोडवा कमी करेन.

तारेचं स्वतःचं आयुष्य तिच्या पातळ ऑक्साइड थरावर उभं असतं: नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा, कांथलवर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. हा थर आतल्या धातूला हवेपासून वाचवतो. पण धातू आणि ऑक्साइड सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. हीटर सकाळी एकदा तापतो आणि रात्री निवतो. कॉइल दिवसातून शेकडो वेळा तापते आणि निवते. प्रत्येक वेळी थराला बारीक तडे जातात, टवके निघतात, आणि ते बुजवायला नवा धातू खर्ची पडतो. कुठेतरी तार किंचित बारीक होते, तिथे रोध वाढतो, तोच बिंदू जास्त तापतो आणि आणखी झिजतो. तार तुटते ती बहुधा अशाच जागी, नाहीतर टोकाच्या जोडापाशी, जिथे वात नसते. वातीबाहेर राहिलेले तारेचे पाय आखूड ठेवणं आणि जोड घट्ट असणं यावर बरंच अवलंबून असतं.

सुरुवातीच्या नियंत्रित उपकरणांनी या गोंधळात आणखी भर घातली होती. काही उपकरणं व्होल्टेज खरोखर कमी करत नसत. ६ व्होल्टचा पुरवठा झटपट चालू-बंद करून सरासरी ३.७ दाखवत. पण उष्णता व्होल्टेजच्या सरासरीवर नव्हे, त्याच्या वर्गाच्या सरासरीवर ठरते. २ ओहमच्या कॉइलला खऱ्या ३.७ व्होल्टला ७ वॅटही मिळत नाहीत, या तुकड्या-तुकड्यांच्या ३.७ ला ११ मिळतात. पडद्यावरचा आकडा पाळूनही कॉइल जळत असेल तर माणसाने काय करायचं?

साफसफाईबद्दल मतं अनेक आहेत. ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळतात, म्हणून गरम पाण्यात भिजवून पूर्ण वाळवणं हा सौम्य मार्ग. स्पिरिटही चालतं, पण ते पूर्ण उडून जाईपर्यंत कॉइल तापवायची नाही. घट्ट बसलेला काळा थर यातल्या कशानेच जात नाही. तो घालवायला काही जण वात काढून तार लाल होईपर्यंत कोरडीच तापवतात. थर जळतो खरा, पण तारेला तडाखाही बसतो. निकेल किंवा टायटॅनियमच्या तारेवर हा प्रयोग अजिबात करू नये, त्यांचे ऑक्साइड श्वासात नकोत. कांथलवर कमी वॅटने, क्षणभर, एवढीच सूट मी देईन.

निकेलच्या तारेचा उपयोग वेगळा आहे. तिचा रोध दर अंशाला सुमारे ०.६ टक्के वाढतो, म्हणजे २०० अंश चढल्यावर दुपटीच्या वर. उपकरण तो रोध मोजून तापमान ओळखू शकतं आणि वात कोरडी पडताच शक्ती कापू शकतं. कांथलचा रोध १,००० अंशांपर्यंत जेमतेम काही टक्के बदलतो, म्हणून तिच्यासोबत ही युक्ती चालत नाही. पहारा करणारी तार नाजूक, आणि दणकट तार मुकी. स्टेनलेस स्टील या दोन्हींच्या मध्ये बसतं.

राहता राहिला प्रश्न, टिकवायचं तरी किती. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या वापरातल्या उपकरणांची तपासणी केली. बाटलीतल्या द्रवात धातू फार कमी होते, पण कॉइलच्या संपर्कात आल्यावर शिसं, निकेल, क्रोमियम यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं, आणि ते ओढल्या जाणाऱ्या वाफेतही उतरलं होतं. म्हणजे झिजणारी तार जाते कुठे, तर काही अंशी फुप्फुसात. निकोटिनचं व्यसन आहेच, त्यावर हे आणखी. तार अखंड आहे आणि वीज वाहते आहे, एवढ्यावरून कॉइल चांगली ठरत नाही. नवी वात घालूनही करपट चव जात नसेल, किंवा थंड कॉइलचा रोध पहिल्या दिवशीच्या आकड्यापासून सरकलेला दिसत असेल, तर ती कितीही जपलेली असो, फेकून द्यावी.