ऑपरेशननंतर फुगलेलं पोट: आतडं थांबलंय की अडलंय?

जनरल सर्जरीच्या वॉर्डात सकाळच्या राउंडला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'गॅस सरला का?' नव्याने आलेल्याला तो किरकोळ वाटतो. पण पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्ण कुठल्या वाटेने चाललाय हे जितकं या उत्तरातून कळतं, तितकं पुष्कळशा तपासण्यांमधूनही कळत नाही. फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर थांबायचं नसतं. कधी सरला, आणि सरल्यावर पुन्हा बंद झाला का, हेही विचारायचं असतं.

समजा, चौथा-पाचवा दिवस आहे. पोट तट्ट फुगलंय, हिरवी उलटी झालीय, शौचाला झालेलं नाही. याची मुख्य कारणं दोन. इलियसमध्ये आतड्याची वाट मोकळी असते, पण स्नायूंनी काम थांबवलेलं असतं. ऑब्स्ट्रक्शनमध्ये स्नायू जोर लावत असतात, पण वाट बंद असते. पलंगाशी उभं राहून पाहिलं तर दोन्ही रुग्ण जवळपास सारखेच दिसतात. सुरुवातीचे उपचारही सारखेच असतात, त्यामुळे एकदा नाकातून जठरात नळी घालून सलाइन चालू झालं की नेमकं काय झालंय हा प्रश्न मागे पडतो. तो मागे पडू नये, असं मला कळकळीने वाटतं.

पोट उघडून आतडं हाताळलं की ते काही काळ थांबतंच. हा आजार नाही. लहान आतडं साधारण २४ तासांत पुन्हा हलू लागतं, जठराला २४ ते ४८ तास लागतात आणि मोठं आतडं सर्वांत शेवटी, ४८ ते ७२ तासांत जागं होतं. गॅस सरायला दोन-तीन दिवस का लागतात, त्याचं उत्तर इथे आहे. यामागे मज्जासंस्थेची प्रतिक्रिया असते, आतड्याच्या भिंतीतली सूज असते आणि वेदनेसाठी दिलेली मॉर्फीनसारखी औषधंही असतात. सलाइन गरजेपेक्षा जास्त गेलं तरी आतड्याची भिंत सुजते. पोटॅशियम कमी झालं तर स्नायूंचा जोरच जातो.

हा काळ लांबला की मात्र कारण शोधावं लागतं. नोटमध्ये 'प्रोलाँग्ड इलियस' लिहून पुढच्या पलंगाकडे वळणं धोक्याचं आहे, कारण आतडं उगाच रुसून बसत नाही. आतड्याचा जोड गळत असेल, पोटात पू साठत असेल, न्यूमोनिया असेल, तरी आतडं असंच गप्प बसतं. पाचव्या दिवशी पोट फुगलेलं, नाडी ११० आणि अंगात ताप असेल, तर इलियस हे मुळाशी असलेल्या संसर्गाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी आधी जोड नीट आहे ना, ते पाहायचं.

ऑब्स्ट्रक्शनची कारणं वेगळी. लहान आतड्यात सर्वांत जास्त आढळतात ती अॅडहिजन्स, म्हणजे आधीच्या ऑपरेशननंतर तयार झालेले चिकटपट्टे. त्याखेरीज हर्निया आणि गाठी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होणारं ऑब्स्ट्रक्शन बहुधा ताज्या, मऊ चिकटपट्ट्यांमुळे होतं आणि पुष्कळदा ऑपरेशनशिवाय सुटतं. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोर्टच्या, म्हणजे दुर्बीण आणि हत्यारं आत घालायच्या, छिद्रात आतड्याचा भाग अडकला असेल, तर वाट पाहून तो सुटत नाही. म्हणून पोट तपासताना प्रत्येक पोर्टची जागा बोटाने दाबून बघायची, जांघेतलेही हर्निया बघायचे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पट्टीखाली झाकलं गेल्यामुळे राहून जातं.

आता फरक ओळखायचा कसा? पुस्तकात लिहिलेलं असतं की इलियसमध्ये पोट शांत असतं आणि ऑब्स्ट्रक्शनमध्ये टणटण असे उंच पट्टीचे आवाज येतात. वॉर्डात याचा भरवसा फार धरू नये. जुन्या ऑब्स्ट्रक्शनमध्ये थकलेलं आतडंही गप्प होतं. वेदनेचं तसंच. ऑब्स्ट्रक्शनची कळ लाटेसारखी येते, चढते, ओसरते. इलियसमध्ये सतत ताण जाणवतो. पण जखम दुखतेय आणि वर वेदनाशामक चालू आहे, अशा रुग्णाला ही लाट वेगळी करून सांगता येत नाही.

एक्स-रे थोडी अधिक मदत करतो. इलियसमध्ये हवा सगळीकडे असते: लहान आतड्यात, मोठ्या आतड्यात, अगदी गुदाशयापर्यंत. ऑब्स्ट्रक्शनमध्ये अडथळ्याच्या वरचं आतडं फुगलेलं आणि खालचं रिकामं दिसतं. लहान आतडं ३ सेंटिमीटरपेक्षा, मोठं ६ पेक्षा आणि सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी, ९ पेक्षा रुंद असेल तर ते फुगलेलं धरायचं. पण फिल्मच्या आधी एनिमा दिला असेल किंवा बोटाने तपासणी झाली असेल, तर गुदाशयात दिसणारी हवा बाहेरून गेलेली असू शकते. शंका राहिली तर सीटी स्कॅन. फुगलेलं आतडं जिथे एकदम बारीक होतं ती जागा सीटीत सापडली, तर प्रश्न बराचसा मिटतो.

तरीही माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा पलंगाला लटकवलेल्या चार्टवर असतो, आणि तो बहुतेक वेळा रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलेला असतो. ऑपरेशननंतर गॅस एकदाही सरला नाही, पोट हळूहळू फुगत गेलं, असा क्रम असेल तर तो इलियसकडे झुकतो. तिसऱ्या दिवशी गॅस सरला, रुग्णाने पेज घेतली, शौचालाही झालं आणि पाचव्या दिवशी पुन्हा सगळं बंद होऊन उलट्या सुरू झाल्या, तर ऑब्स्ट्रक्शनचा संशय आधी घ्यायचा. चाललेलं आतडं मध्येच का थांबलं, याला कारण लागतं. ते अडथळा असेल किंवा पोटातला संसर्ग. हा क्रम कुठल्याही एका फिल्ममध्ये दिसत नाही. कोणीतरी वेळ टाकून लिहिलं असेल तरच तो दिसतो. एक सावधानता: अडथळ्याच्या खाली उरलेला गॅस किंवा शौच बाहेर पडू शकतं, त्यामुळे 'एकदा झालं' म्हणजे वाट मोकळी असं धरून चालू नये.

नळीतून येणारं पाणीही असंच क्रमाने वाचायचं. लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस मिळून दिवसाला कित्येक लिटर पाणी आतड्यात उतरतं आणि त्यातलं जवळपास सगळं पुन्हा शोषलं जातं. ते शोषण थांबलं की रक्ताचा थेंबही न गमावता माणूस कोरडा पडतो, लघवी कमी होते. राइल्स ट्यूब याच साठलेल्या पाण्यासाठी. जॉन आल्फ्रेड राइल या ब्रिटिश डॉक्टरने १९२१ साली जठररसाच्या तपासणीसाठी ती वर्णिली होती. एके काळी पोटाच्या जवळपास प्रत्येक ऑपरेशननंतर ती सरसकट ठेवत. तिने आतडं लवकर सुरू होत नाही हे दिसल्यावर ती पद्धत मागे पडली. आता ज्याचं पोट फुगलंय किंवा ज्याला उलट्या होताहेत, त्यालाच घालायची. नळीचं पाणी अचानक कमी झालं आणि पोट मात्र वाढतंय, तर सुधारणा झाली असं समजण्याआधी नळी बुजली आहे का, जठरात आहे का, ते पाहायचं.

इथवर दोघांचे उपचार एकच: तोंडाने काही नाही, नळी, सलाइन, पोटॅशियम भरून काढणं, लघवीचं माप. पुढे वाटा फुटतात. इलियसमध्ये मॉर्फीनसारखी औषधं कमी करायची, रुग्णाला चालवायचं, कारण शोधायचं आणि थांबायचं. आतड्याला ढकलणारी मेटोक्लोप्रमाइडसारखी औषधं वाट बंद असताना देऊ नयेत. बंद दारावर जोर लावला तर आतडं फाटू शकतं. नावात गल्लत झाली तर नुकसान होतं ते इथे.

ऑब्स्ट्रक्शनमध्ये खरी भीती आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची असते. लाटेसारखी येणारी कळ सतत दुखण्यात बदलली, नाडी वाढत गेली, ताप आला, पोट दाबल्यावर कडक होऊ लागलं, लॅक्टेट (रक्तपुरवठा तुटला की रक्तात वाढणारा पदार्थ) चढलं, यांतलं काहीही दिसलं तर वरिष्ठांना तेव्हाच बोलवायचं. लॅक्टेट नॉर्मल आहे म्हणून धीर धरायचा नाही, कारण ते उशिरा चढू शकतं. लहान आतडं पूर्ण अडलं असेल तर त्यावर सूर्य उगवू आणि मावळू देऊ नये, असा जुन्या सर्जन मंडळींचा दंडक होता. सीटी आल्यापासून तो सैल झालाय. चिकटपट्ट्यांचं ऑब्स्ट्रक्शन असेल आणि रक्तपुरवठा तुटल्याची कुठलीही खूण नसेल, तर साधारण ७२ तासांपर्यंत वाट पाहणं सुरक्षित मानतात. पण या वाट पाहण्यात रुग्णाचं पोट पुन्हा पुन्हा तपासणं येतं, आणि शक्यतो दर वेळी एकाच डॉक्टरच्या हाताने.

मोठ्या आतड्याचं एक तिसरं सोंगही आहे. अडथळा नसताना ते अडथळ्यासारखं फुगतं. विल्यम हेनेज ओगिल्व्ही यांनी १९४८ साली ते वर्णिलं. वयस्क, अंथरुणाला खिळलेल्या, कधी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांत ते दिसतं. सीकम १२ सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर फुटण्याचा धोका वाढतो.

चिकटपट्ट्यांच्या ऑब्स्ट्रक्शनमध्ये निर्णयाला मदत करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रावण. जठर रिकामं करून ते नळीतून देतात, नळी काही वेळ बंद ठेवतात आणि नंतर फिल्म काढतात. २४ तासांत ते मोठ्या आतड्यात पोहोचलं, तर ऑपरेशनशिवाय सुटण्याची शक्यता खूप चांगली. नाही पोहोचलं, तर सर्जनशी पुन्हा बोलायची वेळ झाली. जठर आधी रिकामं केलं नाही तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ती पायरी कधीच गाळू नये. हे सगळं पाळी बदलण्याच्या आसपास घडत असतं. म्हणून कॉन्ट्रास्ट किती वाजता दिलं, नळी कधी उघडायची, फिल्म किती वाजता काढायची आणि ती कोण बघणार, हे चारही चार्टवर लिहून आणि तोंडी सांगूनच पाळी सोडायची.