राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणून कोल्हापूर बुडत नाही

दर पावसाळ्यात हाच निरोप फिरतो: "राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, आता पूर येणार." मुळात हे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात.

आता हिशेब. एका दरवाजातून साधारण 1428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तर सुमारे 10,000. दिवसभरात 0.86 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). उलट कोल्हापूरच्या नदीच्या, पंचगंगेच्या खोऱ्यातल्या 2000 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी 7 टीएमसी होते. जुलैअखेर जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली असते; त्यातले निम्मे वाहून आले तरी साडेतीन टीएमसी. कासारी, कुंभी, तुळशी या पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी तर राधानगरीच्या भिंतीला शिवतही नाही. त्यात नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचा निचरा तुंबतो.

म्हणून नुसते दरवाजांकडे डोळे लावून उपयोग नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे सगळ्यांना पाठ असते. पण आपल्या गल्लीत पाणी कितव्या फुटाला शिरते? ती नोंद गावाकडे हवी: तारीख, बंधाऱ्याची पातळी, बुडालेला रस्ता, वर घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याचा आदल्या दिवसाचा पाऊस. वही ग्रामपंचायतीत ठेवा आणि लिहायला दोघे-तिघे शिकवा. एकट्या ग्रामसेवकावर सोपवली, तर बदलीबरोबर सवयही जाते.