नागपूर मनपाच्या उच्च प्राथमिक शाळा: पटाची आणि निकालाची पार्श्वभूमी

नागपूर महानगरपालिकेच्या शाळांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: तिथली मुलं अभ्यासात मागे आहेत, आणि पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरतोय. दोन्हींमागचा धागा एकच आहे. सहावी ते आठवीच्या वर्गात कोणती मुलं बसतात, हे या शहराच्या गिरण्यांनी, चळवळींनी आणि सरकारी निर्णयांनी ठरवत आणलं. ते बाजूला ठेवून टक्केवारी वाचली, तर त्या मुलांवर अन्याय होतो.

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. मध्य प्रांतात चौथीपर्यंत प्राथमिक आणि पुढे 'मिडल' अशी रचना होती. आजचे सहावी ते आठवीचे वर्ग त्या मिडलचेच वारस. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीभोवती वस्त्या वाढल्या. त्यात विणकाम करणारे कोष्टी होते, महार होते, छत्तीसगडहून आलेली कुटुंबं होती. मोमिनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मुस्लिम विणकर होते. मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा पालिकेला का चालवाव्या लागल्या, याचं उत्तर या वस्त्यांतच आहे. १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला खरा, पण तो प्राथमिकपुरता. घरात कमावता हात हवा असला की मिडल मागे पडायचं.

अस्पृश्य मुलींसाठी तर आधी समाजानेच शाळा काढल्या. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा सुरू केली. १९२० च्या दशकात जाईबाई चौधरी यांनी असंच काम उभं केलं. एके काळी स्टेशनवर हमाली केलेल्या या बाईंनी मुलींसाठी शाळा चालवली, ही गोष्ट नागपूरच्या शिक्षणाच्या इतिहासात अगदी सुरुवातीला सांगायला हवी.

१९५१ मध्ये महानगरपालिका झाली. १९५६ ने दोन मोठे बदल आणले: १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा, आणि १ नोव्हेंबरला नागपूर मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात. इंदोरा, पाचपावलीसारख्या वस्त्यांत शिक्षणाची ओढ प्रचंड वाढली आणि त्या पिढीला हाताशी होती ती पालिकेची शाळा. पण धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं की केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीच्या सवलती संपत. केंद्राने ही अट १९९० मध्ये बदलली. तोवर एक आख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

रकान्याचं हे वजन ज्याने दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, हाताळलं आहे त्यालाच नीट कळेल. जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. अशा वेळी पणजोबाच्या शाळेतली एक ओळ पणतूचा प्रवेश ठरवते. त्या ओळीत हलबा (अनुसूचित जमात) आहे की कोष्टी (विणकर जात), यावर किती घरांचं भवितव्य लटकलं, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातीत येत नाहीत असा निकाल दिला. विद्यार्थ्यांची सामाजिक आकडेवारी म्हणून आपण जो तक्ता बघतो, त्याच्या खाली ही सगळी भांडणं आहेत. म्हणून तो तक्ता मी कोरडा मानत नाही.

पुढे गिरण्या बंद पडल्या. दरम्यान गल्लोगल्ली 'कॉन्व्हेंट' निघाली. ज्यांना फी परवडू लागली त्यांनी आधी मुलगे हलवले, मग मुलीही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांनी आणखी काही मुलं खासगी शाळांत गेली. त्या पालकांना दोष देता येणार नाही. पण उरलेल्या पटात बांधकामावरच्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायकांची, भाड्याची खोली बदलली की शाळा बदलणारी मुलं वाढली. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतो. कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना वेगळे शिक्षक हवेत, ३५ मुलांमागे किमान एक. वर्ग लहान होत गेला की हीच अट पाळणं सगळ्यात अवघड होतं. गणिताचा शिक्षक गेला की निकाल पडतो, आणि पडलेला निकाल पाहून आणखी चार पालक दाखला काढतात.

निकाल मोजण्याची पद्धतही एकसारखी राहिली नाही. चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती हा जुना मापदंड २०१६-१७ पासून काही वर्षं पाचवी आणि आठवीला होता. २०१० पासून आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन सुरू झालं, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. २०२३ मध्ये सरकारने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या आठवीची आजच्या आठवीशी थेट तुलना करणं चूक आहे.

४ डिसेंबर २०२४ ला 'परख' या मुलांना काय येतं ते पाहणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीची मुलं तपासली गेली. ती मार्च २०२० मध्ये पहिलीत होती. दुसरी आणि तिसरीचा बराचसा काळ त्यांनी शाळेबाहेर काढला, आणि घरात एकच फोन असेल तर तो सकाळी कामावर जाणाऱ्याच्या खिशात असायचा. हीच मुलं आता आठवीच्या वार्षिक परीक्षेपर्यंत येत आहेत. त्यांच्या गुणांचा तक्ता प्रसिद्ध होईल तेव्हा शेजारी तीन रकाने हवेत: मूल या शाळेत कोणत्या इयत्तेत आलं, घरची भाषा कोणती, आणि गणिताला वर्षभर शिक्षक होता का.